टोपी

होशंगच्या मागच्या गॅलरीत, साचापीर स्ट्रीटला,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून दोन सिगार निघाले.
फिकट. चिंचेच्या वाळक्या टरफलासारखे.
"एकदम माइल्ड," तो म्हणाला, "बेहरामनं पाठवलेत.
पण मला वाटतं गोड केलेत. तू सांग."

बेहराम म्हणजे भाचा, दुबईचा.
वर्षभर फोनवर फार गोड बोलतो,
आणि वर्षभरापूर्वीच होशंग कुणापाशी तरी बोलला होता
की या फ्लॅटचे कागद आता करून टाकायला हवेत.

मी सांगायचं, कारण एकतीस वर्षं
कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी साखर मोजली.
रस, पाक, काकवी, मळी,
रात्रपाळीत डोळे चिकटेपर्यंत ब्रिक्सचे आकडे.
आता साखर मला मोजते,
रोज सकाळी, बोटाला सुई टोचून.

पेटवण्याआधी वास घेतला.
गवत, जुनी वही, आणि डब्यात राहिलेली नानकटाई.
मग टोपीला जीभ लावली.
सिगारच्या तोंडाशी पानाचा गोल तुकडा डकवतात
ती टोपी.
गोड पाणी फासायचं तर तिथेच फासतात.
घालायची ती टोपी तिथेच घालतात.

गोड लागलं.

"कुठे?"
"ओठाला."
"ओठाला लागतं ते लावलेलं," होशंग म्हणाला,
"पानाचं असेल तर मागून येतं,
धूर गेल्यावर, जिभेच्या बुडाशी,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं. बोल नी, काय ते?"

मी खिशातून माझं मशीन काढलं.
टोपीवर पाण्याचा थेंब चोळला, पट्टीला लावला.
पट्टी म्हणाली: कमी.
इतकी कमी, की माणूस असता
तर अॅम्ब्युलन्स बोलवावी लागली असती.
होशंग खोकेपर्यंत हसला.
उसाची साखर या पट्टीला दिसतच नाही,
डबीतल्या गोळ्यांची गोडी तर त्याहून नाही,
हे मला आधीच माहीत होतं.
तरी पट्टी वाया घालवली. आकड्यांची सवय.

मग एका सिगारची टोपी ओल्या रुमालानं पुसली,
दुसरीची तशीच ठेवली.
होशंगनं पाठ करून दोन्ही पिसले,
एकेक झुरका माझ्या तोंडाशी धरला
आजारी माणसाला चमच्यानं पेज द्यावी तसा.

धूर साधा होता. साय, भाजका शेंगदाणा,
शेवटी थोडं पेन्सिलीचं लाकूड.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
ती काही चालू होत नव्हती.
मी ओठ चाटले.
पुसलेली गोड. न पुसलेली गोड.
तितकीच. दोन्हीकडे तंतोतंत तितकीच.

आणि तेव्हा आठवलं.
बिबवेवाडीहून येताना, रिक्षात,
घसा बसलाय म्हणून मी
ज्येष्ठमधाची काडी चघळत होतो.
स्वारगेट ते कॅम्प, सिग्नलमागून सिग्नल.
अजून ती शर्टाच्या खिशात होती,
दातांचे व्रण पडलेली, ओली.

एकतीस वर्षं. नमुना घेण्याआधी
भांडं धुवायचं, हे मी किती पोरांना ओरडून शिकवलं.

होशंग बघत होता. सिगारकडे नाही, माझ्याकडे.
राख लांबली होती आणि तो ती झाडत नव्हता.
सांगावं का, की केमिस्ट स्वतःच गोड होऊन आला?
की भाच्याचं मला काही कळलं नाही,
पानाचंही नाही?

"मुळातच गोड आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. ज्येष्ठमध हे मूळच असतं.

"मुळात," होशंग म्हणाला, आणि राख झाडली.
मग आत जाऊन त्यानं फोन लावला.
गुजराती मला अर्धं कळतं.
दोनदा बेहरामचं नाव ऐकू आलं,
एकदा 'कागळ',
आणि मग बराच वेळ नुसतं हं, हं.

मी खिशातली काडी काढली.
फेकावी म्हणून हात कठड्याबाहेर नेला,
आणि परत तोंडात घातली.